पाव फेऱ्याची कडी

शुक्रवार, १० फेब्रुवारी २०२३. हैदराबादच्या हुसेनसागरच्या काठावर एरवी मिरची भज्यांच्या गाड्या, लुंबिनी पार्कमधून परतणारी कुटुंबे आणि तळ्यातल्या बुद्धमूर्तीकडे मोबाइल रोखून उभे असलेले पाहुणे, असा सगळा संथ मामला असतो. त्या दिवशी तिथे काँक्रीटच्या भिंती आणि त्यांच्यावर लोखंडी जाळ्या उभ्या होत्या. एनटीआर मार्गाच्या आसपासचे रोजचे रस्ते जोडून २.८३ किलोमीटरची, १८ वळणांची शर्यतवाट आखली गेली होती आणि विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ई गाड्या प्रथमच भारतात शर्यतीला उतरल्या होत्या. गुणतक्त्यात आघाडीवर असलेला पोर्शेचा चालक पास्कल वेरलाइन पहिल्याच सरावात भिंतीवर आदळला. चालक वाचला, गाडीची मात्र दैना झाली. शर्यत दुसऱ्याच दिवशी. मेकॅनिकांच्या हाती उरली एक रात्र.

अशा वेळी कॅमेरे चालकाच्या चेहऱ्यावर खिळतात. खरी झुंज मागे, गॅरेजात सुरू होते. दुरुस्तीचे नंतर बघायचे. आधी गाडी उघडावी लागते. शर्यतीच्या गाडीचे अंग पातळ, हलक्या कवचांनी झाकलेले असते आणि त्या कवचांच्या कडांना बहुधा जुन्या चार आण्यांच्या नाण्याएवढ्या गोल चकत्या बसवलेल्या दिसतात. चकतीच्या मधोमध एक खाच. तिच्यात हत्यार टेकवायचे, पाव फेरा द्यायचा. टक्. अशा दहा-बारा टकटकी झाल्या की अख्खे कवच हातात येते. लावताना पुन्हा तोच पाव फेरा, पुन्हा तोच आवाज. त्या आवाजापर्यंत पोहोचायला माणसाला मोटारीची, सायकलीची आणि विमानाची वाट तुडवावी लागली, आणि वाटेत बोटे गोठली, इंजिने तापली, मोठमोठ्या कंपन्या रुसून घरी बसल्या.

पेच साधा दिसतो, म्हणूनच तो फसवा. वस्तू पक्की बसवायची तर मळसूत्र हा उत्तम उपाय. आटे एकमेकांत गुंतत जातात आणि झाकण घट्ट होते. पण घट्ट बसलेले सोडवायला तितकेच फेरे उलटे द्यावे लागतात. बरे, वेळ देऊन घट्ट केलेले तरी कायम राहते म्हणावे, तर तेही नाही. कानातल्या कुड्यांची फिरकी लग्नाच्या गर्दीत नकळत सैल होऊन कुठे पडते, हे घरोघरी ठाऊक आहे. कानाची ती हालचाल किती, आणि मिनिटाला हजारो वेळा थडथडणाऱ्या इंजिनाची किती! म्हणजे मळसूत्र नको तेव्हा सुटते आणि हवे तेव्हा सुटत नाही. पक्के बसावे आणि झटकन सुटावे, या दोन मागण्या एकमेकींच्या सवतीच.

मोटारशर्यतीत ही सवतीमत्सराची कहाणी पहिल्यांदा उघड्यावर आली ती २६ आणि २७ जून १९०६ रोजी, फ्रान्समधल्या ल माँ शहराच्या पूर्वेला. पहिली ग्रां प्री. एक फेरी सुमारे १०३ किलोमीटरची, दोन दिवसांत अशा बारा, एकूण १,२३८ किलोमीटर. ऊन असे की रस्त्यावरचे डांबर वितळून चालकांच्या डोळ्यांत उडत होते. टायर फुटत होते, पुन्हा फुटत होते. नियम कडक: गाडीला हात लावायचा तो चालकाने आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मेकॅनिकने, तिसऱ्या कुणीही नाही. फुटलेला टायर चाकावरून सुरीने कापून काढायचा, नवा ठोकून चढवायचा, हवा भरायची. या कसरतीत पाव तास सहज जाई.

रेनोच्या गाडीवर होता फेरेंत्स सिस नावाचा हंगेरियन. त्याच्या चाकांना मिशलँ कंपनीची नवी युक्ती होती: टायर आधीच चढवून, हवा भरून तयार ठेवलेली सुटी धाव. नट सोडायचे, जुनी धाव उतरवायची, नवी बसवायची, नट आवळायचे. चार मिनिटांच्या आत गाडी पुन्हा रस्त्यावर. युक्तीला किंमत होतीच. प्रत्येक चाकामागे सुमारे ९ किलो वजन वाढत होते आणि गाडीची वजनमर्यादा होती १,००० किलो. कित्येकांना ते परवडले नाही. तिसरा आलेल्या आल्बेर क्लेमाँला तर शर्यतभर सुरीनेच टायर कापावे लागले. सिस जिंकला तो दुसऱ्या क्रमांकाला अर्ध्या तासाहून अधिक मागे टाकून. इंजिनाच्या ताकदीचे गोडवे गायले गेले, पण जाणत्यांना कळले होते की शर्यत नटांनी जिंकली आहे.

नट मात्र अजून पुष्कळ होते, आणि ते सैलही होत होते. इंग्लंडात रज-व्हिटवर्थ या सायकलच्या कारखान्यात जॉन प्यूने पुढचे पाऊल टाकले. धाव कशाला, अख्खे चाकच सुटे करू, आणि तेही एकाच मोठ्या नटावर. एका नटावर चाक म्हटल्यावर लोकांच्या पोटात गोळा आला. तो एक सुटला तर? इथे प्यूच्या चाकाने एक विलक्षण गुण दाखवला. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे एका दिशेचे आणि उजव्या बाजूचे उलट्या दिशेचे ठेवले, तर चाक फिरताना आसावर जे सूक्ष्म घसरणे होते ते नटाला सोडवत नाही, आवळते. गाडी जितकी धावेल तितका नट घट्ट. जी हालचाल शत्रू म्हणून ओळखली जात होती, तिला प्रथमच कामाला जुंपले गेले.

जगाने याचे स्वागत कसे केले? १९०८च्या फ्रेंच ग्रां प्रीत अशा सुट्या चाकांना चक्क बंदी झाली. ब्रिटिश कंपनी नेपियरच्या गाड्यांना हीच चाके होती, म्हणून त्या शर्यतीत उतरवणाऱ्या एस. एफ. एज याने संतापून त्या काढून घेतल्या. शर्यतींचे नियम करणारे लोक आणि शहाणपण यांची गाठ नेहमी थोडी उशिराच पडते. काही वर्षांतच बंदी विरली आणि हातोड्याच्या दोन घावांत उतरणारे चाक शर्यतीच्या गाडीची खूण होऊन बसले.

चाकाचा प्रश्न सुटला, पण हातोडा राहिलाच. अंगावरच्या पातळ पत्र्यावर हातोडा चालवता येत नाही. तिथे नुसत्या बोटांच्या ताकदीने बंद होणारे आणि तरीही न हलणारे काही हवे होते.

ते सुचण्याची जागा अगदीच अनपेक्षित होती: इटलीतला बर्फाळ घाट. ११ नोव्हेंबर १९२७. विचेन्त्साचा सायकलपटू तुल्लिओ कांपान्योलो डोलोमाइट डोंगरातल्या क्रोचे दाउने खिंडीकडे चढत होता. त्या काळी सायकलचा गिअर बदलायचा म्हणजे खाली उतरायचे, मागचे चाक काढायचे आणि उलटे करून बसवायचे. चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असत. चाक धरून ठेवायला फुलपाखरासारखे दोन पंखांचे नट. बर्फात ते गोठले आणि कांपान्योलोची बोटेही गोठली. नट फिरेना. एकेक स्पर्धक शेजारून निघून जात राहिला आणि तो चाकाशी झगडत उभा राहिला. शर्यत गेली. दंतकथेला पुढे थोडे तिखटमीठ लागले असेलही, पण १९३० साली त्याने पेटंट घेतले ती वस्तू दंतकथा नव्हे. चाकाच्या आसातून आरपार गेलेली सळई, टोकाला एक छोटा तरफेचा दांडा आणि त्याच्या बुडाशी मध्यापासून सरकलेला गोल. दांडा दाबताना आधी विरोध होतो, विरोध वाढत जातो, आणि एका विशिष्ट बिंदूपलीकडे तो आपणहून बसतो.

हा बिंदू नीट समजून घ्यावा. साऱ्या कथेचा जीव त्यात आहे. आपला तीनपुडी जेवणाचा डबा आठवावा. बाजूची पट्टी दाबताना अंगठ्याला जोर लागतो, आणि मग एका क्षणी तीच पट्टी खटकन आत झेपावते. त्या क्षणानंतर डबा कितीही हिंदकळला, लोकलच्या दारात लोंबकळला, तरी उघडत नाही; कारण उघडायचे तर पट्टीला पुन्हा त्या अवघड बिंदूवरून माघारी चढावे लागते, आणि हिंदकळण्यात तेवढी ताकद नसते. शिखर ओलांडून दरीत बसलेला दगड वाऱ्याने परत शिखरावर जात नाही, तसे.

याच सुमारास अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या लँगली इथे, विमानविद्येची सरकारी समिती ‘नॅका’ (हिचीच पुढे नासा झाली) एका वेगळ्याच डोकेदुखीत होती. त्या काळच्या विमानांची इंजिने उघडीवाघडी असत. सूर्यफुलासारखी पसरलेली नळकांडी वाऱ्यात असली म्हणजे थंड राहत, पण तीच वाऱ्याला अडवूनही धरत. झाकली तर वेग वाढेल, हे कुणालाही कळत होते. झाकली तर तापून जळतील, हेही. फ्रेड वीक नावाच्या तरुण अभियंत्याने २० फूट तोंडाच्या प्रचंड वातबोगद्यात खरे इंजिन उभे केले आणि एकामागून एक झाकणे चढवून पाहायला सुरुवात केली. अर्धे झाकले, वेगात फारसा फरक नाही. पूर्ण झाकले, नळकांडी तापली. हवेला वाट द्यायची फट थोडी इकडे, पडदी थोडी तिकडे, पुन्हा चाचणी, पुन्हा ताप. महिनोन्‌महिने हाच खेळ. अखेर असे कवच साधले की ज्यात हवा समोरून शिरते, नळकांड्यांना घासून जाते आणि मागच्या अरुंद फटीतून वेगाने निसटते. १९२८ साली ते एका कर्टिस हॉक विमानावर चढवले गेले. ताशी १९० किलोमीटरचे विमान २२० ला पोहोचले. इंजिन तेच, पंख तेच. फरक केवळ एका पत्र्याच्या कवचाचा. १९२९ सालचा कॉलिअर करंडक नॅकाला मिळाला.

करंडक मिळाला, पण हँगरमधल्या मेकॅनिकाच्या नशिबी नवे भोग आले. पूर्वी इंजिन समोर उघडे होते. शिडी लावली की काम सुरू. आता रोजच्या तपासणीला ते कवच उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे. स्क्रू लावावेत तर काढता काढता खाचा झिजतात, आटे मरतात, एखादा गवतात हरवतो. शिवाय थरथरीने सैल झालेला स्क्रू उडत्या विमानात काय करील, याची कल्पना करूनच झोप उडावी. एका कोपऱ्यात कवच सुटले की ताशी २०० किलोमीटरचा वारा त्याखाली बोटे घालतो. पुढे काय होते ते सांगायला नको.

आता या कथेत एक परदेशी माणूस येतो. पूर्व युरोपातल्या गॅलिशियात, आज युक्रेनमध्ये असलेल्या चेर्निखिव्त्सी गावी १८९५ साली व्होलोदिमिर जुस जन्मला. तरुणपणी तो अमेरिकेत आला आणि तिथल्या कागदपत्रांत विल्यम झूस झाला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तो राहिला, आणि या कथेत जागेला महत्त्व आहे. लाँग आयलंड म्हणजे त्या काळी विमानांचे माहेर. लिंडबर्गने १९२७ साली अटलांटिकवर झेप घेतली ती तिथल्याच रूझवेल्ट फील्डवरून. ग्रुमन कंपनी तिथल्याच एका गॅरेजात सुरू झाली. हवेत इंजिनांचा आवाज आणि जमिनीवर पत्रे उतरवणारे वैतागलेले मेकॅनिक, या दोन्ही गोष्टी झूसच्या अंगणात होत्या.

मोठ्या कारखान्यांतले लोक स्क्रू अधिक चांगला कसा करावा याचा विचार करत होते: खाली स्प्रिंगचा वायसर घाला, तार ओवून बांधा, आणखी आवळा. म्हणजे थरथरीशी कुस्ती. झूसने कुस्ती सोडली आणि आट्यांनाही रजा दिली. त्याची वस्तू तळहातावर घेऊन पाहावी. एक आखूड, जाड दांडी. डोक्यावर खाच. बुडाशी आरपार चीर. पण चीर सरळ नाही, ती दांडीभोवती वळत तिरपी वर चढते आणि शेवटी किंचित मागे फिरून एका खळग्यात थांबते. दांडी बसते सुट्या झाकणात. खालच्या सांगाड्यावर असते कमानीसारखी वाकवलेली पोलादी तार, दोन्ही टोकांना रिबेट मारून पक्की केलेली. झाकण टेकवायचे, दांडी तारेवर बसते. फिरवायला लागावे तशी तिरपी चीर तारेला गिळत जाते, झाकण खाली ओढले जाते, तार ताणली जाते, विरोध वाढतो, वाढतो, आणि पाव फेरा पुरा होण्याच्या बेतात तार उंचवटा ओलांडून खळग्यात पडते.

टक्.

जुन्या पिनवाल्या बल्बने हा अनुभव आपल्याला लहानपणीच दिलेला असतो. दाबायचा, जरासा फिरवायचा, सोडला की आतली स्प्रिंगच त्याला खाचेत ढकलते. आगगाडीच्या डब्यात आटे असलेला बल्ब थरथरीने सुटू शकतो, हा दाबलेला सुटत नाही. झूसच्या तारेचे तेच. विमान थरथरले की ताणलेली तार दांडीला खळग्याकडेच ओढते. जरा ढळली तरी परत तिथेच येते. मळसूत्राची प्रत्येक चूक पुढच्या चुकीला वाट करून देते. या कडीची चूक आपली आपण दुरुस्त होते. आणि उघडायचे झाले तर? सात-आठ फेरे नव्हेत, एक पाव फेरा. दोन्ही सवती एका घरात नांदू लागल्या.

कल्पना अशी लखलखीत, पण तिची अंमलबजावणी किचकट. तार अंमळ ताठ झाली तर माणसाच्या मनगटाला फिरत नाही. अंमळ मऊ झाली तर झाकण खुळखुळते. रिबेटची जागा केसभर चुकली की दांडी तारेला भेटतच नाही. झाकणाच्या पत्र्याची जाडी बदलली की दांडीची लांबीही बदलावी लागते, म्हणून एकाच कडीच्या डझनावारी लांब्या करून ठेवाव्या लागतात. आजही मेकॅनिक या कडीला शिव्या घालतो तो याच कारणाने. १९३२ पासून वेस्ट आयस्लिप गावी झूसचा कारखाना ही जुळवाजुळव करत राहिला. त्याच कारखान्यातल्या मुलाम्याच्या सांडपाण्यातले कॅडमियम शेजारच्या ओढ्यात आणि तळ्यात उतरले आणि पुढे सरकारला तिथला गाळ उपसावा लागला, हेही इतिहासात लिहिलेले आहे. हुसेनसागरच्या काठी राहणाऱ्याला कारखाना आणि तळे यांचे नाते वेगळे समजावून सांगायला नको.

मग युद्ध आले, आणि कवच उघडायला लागणारा वेळ जिवावरचा झाला. इथे कथा थोडी हैदराबादेकडे वळते. निजामाच्या देणगीतून ब्रिटिश हवाई दलाच्या काही तुकड्या उभ्या राहिल्या होत्या. १५२ क्रमांकाच्या ‘हैदराबाद’ तुकडीच्या बिल्ल्यावर निजामाची दस्तार होती आणि तिच्याकडे स्पिटफायर विमाने होती. २५३ क्रमांकाच्या ‘हैदराबाद स्टेट’ तुकडीकडे हरिकेन. १९४० च्या उन्हाळ्यात दोन्ही तुकड्या इंग्लंडच्या आकाशात लढल्या. हरिकेनच्या प्रत्येक पंखातल्या चार बंदुका एका जागी गटाने होत्या. स्पिटफायरच्या पंखभर विखुरलेल्या, म्हणून झाकणेही अधिक. उतरलेल्या विमानात पुन्हा गोळ्या भरायला हरिकेनला स्पिटफायरच्या मानाने खूपच कमी वेळ लागे. वर जर्मन विमाने घोंघावत असताना खाली जमिनीवर झाकणे उघडत बसलेल्या माणसांना एकेका स्क्रूचे मोल समजले असेल. अमेरिकेत तोवर झूसची कडी विमानांच्या अंगावर जागोजागी बसू लागली होती. बर्मा आघाडीवर झेपावणाऱ्या थंडरबोल्ट विमानांचा फार्मिंगडेलचा कारखाना तर झूसच्या गावाजवळच, त्याच लाँग आयलंडवर.

युद्ध संपले. विमाने भंगारात निघाली, धावपट्ट्या ओस पडल्या, आणि दोन्हींवर मोटारवेड्यांनी झडप घातली. इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या लष्करी विमानतळावर १९४८ साली ग्रां प्री धावली. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी पुढे कित्येक वर्षे भारतीय मोटारशर्यतींची पंढरी होती. कॅलिफोर्नियात तर कमालच झाली. १९४६ साली बिल बर्कने लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकणारी इंधनाची टाकी भंगारातून विकत घेतली, तिच्यात इंजिन घातले आणि कोरड्या तळ्याच्या सपाट तळावर ती गाडी म्हणून पिटाळली. थेंबाच्या आकाराचे ते अंग हवेला जवळपास अडवतच नव्हते. अशा गाड्यांवर पत्रा बसवायला भंगारातल्याच विमानी कड्या हाती लागत. तिथल्या पोरांनी त्यांना ‘झूस बटन’ म्हणायला सुरुवात केली आणि माणसाचे नाव वस्तूला चिकटले ते कायमचे.

विमानाला सोय वाटलेली गोष्ट शर्यतीच्या गाडीला जीवनमरणाची ठरली, कारण शर्यतीत घड्याळ थांबत नाही. १९६६ च्या ल माँ शर्यतीत केन माइल्सच्या फोर्डचे दारच नीट लागेना, म्हणून पहिल्याच फेरीनंतर त्याला गाडी खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, आणावी लागली. चोवीस तासांच्या शर्यतीची सुरुवात एका कडीने नासवली. मेकॅनिकांनी यावर एक शहाणी सवय काढली. कडी बंद असताना तिच्या खाचेच्या सरळ रेषेत, चकतीवरून पत्र्यावर उतरणारी रंगाची एक रेघ ओढायची. गाडी सुटण्याआधी हात लावायचीही गरज नाही. लांबूनच नजर फिरवायची. रेघ अखंड, तर कडी बंद. रेघ मोडलेली, तर ओरडून गाडी थांबवायची. आपल्याकडे कोइम्बतूरच्या करिवर्धनने १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुतीच्या इंजिनावर एक-आसनी शर्यतगाड्या बांधल्या आणि त्यांवर भारतातली एक पिढी शर्यत शिकली. हलक्या कवचाच्या गाडीबरोबर झटपट उघडण्याची विद्याही आपसूक इथे आली.

झूसने युद्धानंतर १९४८ साली अमेरिकेत युक्रेनियन इन्स्टिट्यूट स्थापन केले, आणि १९५५ साली त्यासाठी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचा एक वाडा घेतला. कधी काळी तेलसम्राट सिंक्लेअरचे घर असलेली ती वास्तू तारेच्या एका कमानीच्या कमाईवर विकत घेतली गेली. १९६४ साली तो वारला.

गंमत अशी की मळसूत्र थरथरीने नेमके का सुटते, हे तोवर नीट सिद्धच झालेले नव्हते. सगळ्यांची समजूत अशी की बोल्ट लांबीच्या दिशेने हादरतो म्हणून ढिला होतो. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने वेगळे यंत्र बांधले: घट्ट आवळलेल्या बोल्टला लांबीच्या दिशेने नव्हे, आडवे हलवायचे. मोजपट्टीवरचा ताण डोळ्यांदेखत घसरत गेला आणि नट आपला आपण फिरून मोकळा झाला. जड कपाट उचलून हलत नाही, पण एकदा आडवे डुलवले की बोटभर ढकलल्यानेही सरकू लागते, आट्यांचेही तसेच. एका दिशेने घसरण सुरू झाली की दुसऱ्या दिशेने घर्षण अडवायला उरतच नाही. विमानाच्या आणि गाडीच्या पत्र्याला हा आडवा हादरा क्षणोक्षणी बसतो. झूसने ज्या आट्यांना रजा दिली होती, त्यांचा गुन्हा त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी शाबीत झाला.

सिकंदराबादला राणीगंजच्या हार्डवेअर बाजारात नट-बोल्टांच्या पोत्यांमधून वाट काढत मी एकदा हीच कडी शोधत गेलो होतो. दुकानदाराला हातवारे करून सांगत होतो, तार, चीर, खळगा. त्याने शांतपणे ऐकून घेतले. “क्वार्टर टर्न होना क्या तुमकू?” म्हणत मागच्या फळीवरून एक पुठ्ठ्याचे खोके काढले आणि काउंटरवर ओतले. हा माल विजेच्या पॅनेलला आणि जनरेटरच्या झाकणांना जातो म्हणाला. कुठल्या देशातल्या कुणाची ही कल्पना, याची त्याला फिकीर नव्हती. त्याला एवढेच ठाऊक होते की याची चूडी (आटा) मरत नाही, कारण याला चूडीच नसते. एक उचलून त्याने नमुन्याच्या पत्र्यात बसवली, अंगठ्याच्या नखाने फिरवली. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. त्याने विचारले, “कित्ते पत्रे की मोटाई?” आणि मी गप्प झालो, कारण जाडी मोजून न्यायला विसरलो होतो.

शनिवार, ११ फेब्रुवारी २०२३. दुपारी हुसेनसागरवर ऊन चकाकत असताना गाड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांत वेरलाइनही होता. शर्यत गोंधळाची झाली. तेराव्या फेरीत जॅग्वारच्या दोन गाड्या एका अरुंद वळणावर एकमेकींवरच आदळल्या आणि मिच एव्हान्स, सॅम बर्ड दोघेही एकदम बाद झाले. जाँ-एरिक व्हेर्नने मागून दाबत येणाऱ्या निक कॅसिडीला अखेरपर्यंत पुढे जाऊ दिले नाही आणि बाजी मारली. महिंद्रचा ऑलिव्हर रोलंड सहावा आला. आदल्या दिवशी भिंतीवर गेलेला वेरलाइन चौथा.

अंधार पडला तेव्हा प्रेक्षक बिर्याणीच्या वाटेने पांगले होते. गॅरेजांतल्या ट्यूबलाइटखाली गाड्यांची कवचे पुन्हा उतरत होती. सगळा सरंजाम पेटाऱ्यांत भरायचा होता. पुढची शर्यत दोन आठवड्यांवर, केपटाउनला.